जेवणापुरतं जपानी

नगरच्या सावेडी भागात जपानला जाऊन आलेली माणसं सापडतात. आमच्या जपानीच्या क्लासमध्येच एकीचा काका तिकडे आहे आणि एकीचा भाऊ जायच्या बेतात आहे. पण जामखेडच्या पलीकडे, आमच्या वस्तीवर जाऊन आलेलं मला सावेडीत अजून कोणी भेटलेलं नाही. म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. प्रवास फार लांबचा नाही. सकाळी निघालं की जेवायच्या वेळेला माणूस पोचतो. मी मात्र तो एका जपानी पाहुण्याबरोबर केला, आणि माझ्याजवळ जपानी होतं ते फक्त जेवणापुरतं.

सावेडी

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पायरी चढताना अजूनही खाली बघते. संध्याकाळी हॉस्टेलजवळच जपानीचा क्लास आहे. तिथल्या देशपांडे मॅडमना आम्ही सेन्सेई म्हणतो. शाळेत आम्ही 'बाई' म्हणायचो, तसंच ते.

जानेवारीत आमचा जेवणाचा धडा सुरू झाला. भात, पाणी, मीठ, साखर, तिखट, गोड, ताट, वाटी, असे शब्द झाल्यावर सेन्सेईंनी वर्गातच हॉटेल मांडलं. कोणी गिऱ्हाईक व्हायचं, कोणी वेटर. गिऱ्हाइकाला मनाने बोलावं लागतं. वेटरची वाक्यं ठरलेली असतात. मला मनाने बोलायची भीती वाटते, म्हणून मी रोज वेटर व्हायचे. महिनाभरात मी इतकी चांगली वेटर झाले, की सेन्सेई म्हणाल्या, "प्रतीक्षा, अगं, एकदा तरी खुर्चीवर बसून बघ."

त्याच धड्यात एक वाक्य होतं, 'मो केक्को देसु'. म्हणजे आता पुरे, नको. मी हात वर करून विचारलं, "सेन्सेई, हे किती वेळा म्हणायचं?"

सगळा वर्ग हसला. सेन्सेई म्हणाल्या, "एकदा. एकदाच."

मला ते खरं वाटलं नाही. आमच्याकडे पहिलं नको हे नमस्कारासारखं असतं, दुसरं रीत म्हणून, आणि तिसऱ्या नकोला वाढणारीला खात्री पटते की माणूस उपाशी आहे.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे माझे वडील. परीक्षा झाली की मी नगर सोडावं, जामखेडच्या कॉलेजात नाव घालावं आणि घरून येऊन-जाऊन शिकावं, असं ते दिवाळीपासून म्हणत होते. जपानीचं तर त्यांना हसूच यायचं. "शिकून हितं कुनाशी बोलनार हाईस? म्हशीसंगं?" असं ते फोनवर विचारायचे. मला नगर सोडायचं नव्हतं. पण मी दर वेळी "बघू, आण्णा" एवढंच म्हणायचे. आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो. उन्हाळ्यात मी घरी येणार, असं धरून आण्णांनी माझ्यासाठी खिडकीजवळ टेबलसुद्धा लावून ठेवलं होतं.

अशात सेन्सेईंनी मला थांबवून घेतलं. त्यांच्या ओळखीचे ओगावा-सान म्हणून एक जपानी गृहस्थ इथल्या एका कारखान्यात कामगारांना शिकवायला आले होते. आता ते परत जायला निघाले होते. त्यांचा ड्रायव्हर शकीलभाई भिंगारचा, आणि सासुरवाडी जामखेडची. दोन वर्षं गाडी चालवताना तो त्यांना हातवारे करून जामखेडकडच्या आमटीची वर्णनं ऐकवत होता. जाण्याआधी एकदा शेतकऱ्याच्या घरी बसून ती आमटी खायची, एवढी एक इच्छा ओगावा-साननी सांगितली होती.

"तुझं गाव तिकडेच ना? मी येणारच होते," सेन्सेई म्हणाल्या, "पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच दिवशी आलं. तू घेऊन जा त्यांना."

"मी? सेन्सेई, मला तर फक्त जेवणाचा धडा येतो."

"मग? जेवायलाच तर जायचंय."

मी आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "आन त्यांला. तू काय शिकलीस ते बी बघू की." त्यांचं ते 'बघू' मला रात्रभर टोचत राहिलं.

चिचोंडीपर्यंत

ओगावा-सान साठीच्या आसपासचे, बारीक, आणि बसल्या जागीही उभे असल्यासारखे ताठ. मला बघून ते कमरेत वाकले. मीही वाकले आणि गाडीच्या दारावर कपाळ आपटलं.

"ताई, पुढं वाकायचं असंल तर दार उघडून वाका," शकीलभाई म्हणाला.

शहर सुटलं तसे ओगावा-सान खिडकीतून एकेक गोष्ट दाखवून विचारायला लागले. आमचा जिल्हा खाण्याच्या शब्दांत सांगता येतो हे मला त्या दिवशी कळलं. उसाने भरलेली ट्रॉली गेली, मी म्हणाले, "सातो." साखर. गोण्या लादलेला टेम्पो गेला, मी म्हणाले, "तामानेगि." कांदे. मोटारसायकलला कॅन अडकवून दूधवाला गेला, तेही आलं. ज्वारीचा शब्द नव्हता, म्हणून उभ्या शेताकडे हात करून मी म्हणाले, "हा आमचा भात आहे." ओगावा-साननी त्या वाळकट शेताकडे बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

मग त्यांनी लांबच्या डोंगराकडे बोट केलं. डोंगर खाता येत नसल्यामुळे तो आमच्या धड्यात नव्हता.

पाट्यांवर आता अहिल्यानगर आलं आहे. ओगावा-साननी आधीचं नाव दोन वर्षं घासून घासून बसवलं होतं. आता नवीन पाटी दिसली, की ते ओठ हलवून तेवढं लांब नाव म्हणून बघत आणि ते संपायच्या आत गाडी पाटीच्या पुढे गेलेली असे. शकीलभाई आरशातून म्हणाला, "साहेब, नगर म्हना. नगर म्हनलं की कुनीबी आनून सोडतं."

चिचोंडीच्या अलीकडे एक ओढा लागला. पुलाखाली नुसते गोटे आणि दोन शेळ्या. ओगावा-साननी विचारलं, "मिझु?" पाणी? पाणी नाही हे मला सांगायचं होतं, पण घाबरल्यावर माझ्या तोंडून वेटरचंच वाक्य येतं. हॉटेलातला पदार्थ संपला की म्हणायचं ते. मी अदबीने म्हणाले, "क्षमा असावी, आज पाणी संपलेलं आहे."

ते हसायला लागले. हसता हसता एकदा ओढ्याकडे आणि एकदा स्वतःच्या छातीकडे बोट करून म्हणाले, "ओगावा, उरिकिरे." सेन्सेईंनी मला आधीच सांगितलं होतं, की ओगावा या आडनावाचा अर्थ लहान नदी. उरिकिरे म्हणजे संपलं. मग मात्र ते हसायचे थांबले आणि पूल मागे जाईपर्यंत वळून बघत राहिले.

कडा

जामखेड आपल्या जिल्ह्यात आहे, पण तिथे जायला जिल्ह्याबाहेर पडावं लागतं. मधे कडा, आष्टी हा बीडचा मुलूख लागतो. लहानपणी मला वाटायचं, की नगरला जाणं म्हणजे परदेशाला जाणं, कारण वाटेत दुसरा जिल्हा येतो.

कड्याला चहाला थांबलो. ओगावा-सान चहात साखर घेत नाहीत. मी टपरीवाल्याला म्हणाले, "दादा, एक बिनसाखरेचा करा."

टपरीवाल्याने आधी उकळत्या पातेल्याकडे बघितलं, मग ओगावा-सानकडे. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "शुगर हाय का त्यांना?"

"नाही हो. त्यांच्याकडे तसाच पितात."

"असंच म्हनत्यात सगळे. माझा मेव्हना बी आधी असंच म्हनायचा. त्यांला म्हनाव, सकाळी उठून कारल्याचा रस घ्यायचा. लई फरक पडतो. सांगा, सांगा त्यांला."

तो माझ्या तोंडाकडे बघत उभाच राहिला. कारल्याला जपानीत काय म्हणतात मला येत नव्हतं. मी ओगावा-सानना म्हणाले, "कडू भाजी. सकाळी. प्या."

त्यांनी फार गंभीरपणे मान हलवली आणि टपरीवाल्याला वाकून नमस्कार केला. त्या भल्या माणसाने वेगळ्या भांड्यात, वेगळं दूध तापवून चहा केला. तो पिताना ओगावा-सान अगदी जपून घोट घेत होते. कडू भाजी यातच घातली असावी असं त्यांना वाटत होतं, हे मला गाडीत बसल्यावर लक्षात आलं.

वस्तीवर

आमची वस्ती गावापासून थोडी आत, तुरीच्या आणि ज्वारीच्या रानात आहे. गाडीची धूळ दिसल्याबरोबर शेजारपाजारचे गोळा झाले होते. आण्णा इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. लग्नाला जातानाही ते इतके ताठ नसतात. दारात आई आणि आत्या. आत्या आण्णांची थोरली बहीण. तिचं घर पलीकडच्याच वस्तीवर आहे, पण पाहुणा कोणाचाही असो, वाढायची पळी तिच्याच हातात असते.

मी गाडीतून उतरून पुढे झाले. वाटेत मी एक वाक्य तयार केलं होतं: हे माझे वडील, ही माझी आई. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दाराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं:

"इराश्शाइमासे! नान्मेइ-सामा देसु का?"

म्हणजे, यावं यावं! आपण एकूण किती जण आहात?

ओगावा-सान थबकले. त्यांनी मागे वळून बघितलं. मागे फक्त शकीलभाई गाडीचं दार लावत होता. मग त्यांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता दोन बोटं वर केली.

आण्णांनी हळूच विचारलं, "दोन बोटं कशाची?"

"दोघं जण आहोत म्हणतायत."

"ते दिसतंय की."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ओगावा-साननी तेवढ्यात बूट काढले, खाली वाकून ते नीट जोडीने, टोकं बाहेर करून ठेवले. नंतर शेजारी पडलेल्या आण्णांच्या चपला सरळ केल्या. मग शकीलभाईच्या, मग शेजाऱ्यांच्या. बघता बघता आमच्या दारात चपलांची अशी रांग लागली, की शाळेच्या प्रार्थनेची आठवण झाली.

"आगं बया," आत्या म्हणाली, "आमच्या सुनंला दावा कुनीतरी."

जेवायला सतरंजी घातली. आमच्याकडे आधी पुरुष बसतात, बायका वाढतात. मी सवयीने स्वयंपाकघराकडे वळले, तर शकीलभाई म्हणाला, "ताई, तुमी तिकडं गेल्यावर हितं काय मी जपानी बोलू का?" मी परत फिरले आणि ओगावा-सानच्या शेजारी उभी राहिले, वेटरसारखी.

आत्या म्हणाली, "ही वाढायला न्हाई का?"

आण्णांनी पाहुण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बसू दे तिला. बोलायला कोन हाय मंग?"

मी बसले. पुरुषांच्या पंगतीत, घरात पहिल्यांदाच. आईने माझ्यासमोर ताट ठेवलं तेव्हा मी उठून ते घ्यायला गेले, ती म्हणाली, "बस गं," आणि आम्ही दोघी उगाचच लाजलो.

आता आमटीबद्दल. आमच्या भागात तिला शिपी आमटी म्हणतात. सावेडीतल्या मेसमध्ये आमटी म्हणून जे पिवळं पाणी मिळतं, त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. ही काळसर, पातळ, काळ्या मसाल्याची, वर तर्रीचा लाल थर. भाकरी ताटात कुस्करायची, आमटी तिच्यावर ओतायची आणि हाताने ओरपायचं. भुरक्याचा आवाज आला पाहिजे. हॉस्टेलवर मैत्रिणी आवाज न करता जेवतात, म्हणून मीही तसं शिकले आहे. घरी तसं जेवले की आई विचारते, "बरं न्हाई का?"

ओगावा-साननी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "इतादाकिमासु." जेवायला घेतो, असा त्याचा साधारण अर्थ, पण अन्नाला आणि करणाऱ्याला नमस्कार केल्यासारखा. आण्णांनीही गडबडीने हात जोडले.

मग ओगावा-साननी आमटीची वाटी दोन्ही हातांनी तोंडापर्यंत उचलली आणि असा लांब भुरका मारला, की चुलीजवळची आई बाहेर डोकावली. त्यांच्याकडेही गरम रस्सा असाच, आवाज करून पितात. त्यांच्या कपाळावर टपटप घाम आला. कान लाल झाले. नाक पुसून ते म्हणाले, "कारई." जरा थांबून, "ओइशी."

"काय म्हनले?" आण्णांनी विचारलं.

"तिखट आहे म्हणाले. आणि छान आहे."

"आता कसा," आण्णा खूश होऊन म्हणाले, "मान्सासारखा जेवतोय. नाव काय म्हनलीस? ओगावा? घ्या. आडनावातच गाव हाय की."

इथवर सगळं बरं चाललं होतं. मी मनात म्हणत होते, आण्णा बघतायत, जमतंय.

पण ओगावा-साननी ताट स्वच्छ केलं. जपानी माणूस ताटात कणही टाकत नाही, हे आमच्या धड्यात होतं. टाकलं तर करणाऱ्याचा अपमान. आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसलं तर वाढणाऱ्याचा अपमान. आत्याने भाकरी टाकली, आमटी ओतली. त्यांनी ती संपवली. ताट पुन्हा लख्ख. आत्याने पुन्हा वाढलं. ते पुन्हा संपवायला लागले. दोघंही आपापल्या रीतीने एकमेकांचा मान राखत होते, आणि त्यात ओगावा-सानचा जीव चालला होता.

शेवटी ओगावा-सान म्हणाले, "मो केक्को देसु."

मी म्हणाले, "आत्या, आता पुरे म्हणतायत."

"म्हननारच. पाव्हना हाय," आत्या म्हणाली आणि पळी रिती केली.

त्यांनी तेही खाल्लं. मग त्यांनी पट्टा थोडा सैल केला आणि पुन्हा तेच म्हणाले, जरा हळू.

"आत्या, खरंच नको म्हणतायत."

"खरंच म्हनले का? मंग भात घ्या म्हनाव. भाताला जागा ऱ्हाती."

आण्णाही म्हणाले, "वाढ, वाढ. लांबून आलाय मानूस."

शकीलभाईने केव्हाच दोन्ही हात ताटावर आडवे धरून वर स्वतः पालथा पडल्यासारखा पवित्रा घेतला होता. तो तसाच मान वळवून मला म्हणाला, "ताई, माझं मी वाचवलं. ह्यांचं तुमच्या हातात हाय."

ओगावा-साननी भात संपवला. आता त्यांचा घाम तिखटाचा नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. वर्गात सेन्सेई म्हणतात तसं, एकेक अक्षर सुटं करून, जणू मलाच शिकवत होते. मो. केक्को. देसु.

माझ्या मनात आलं, मी सांगते आहे ते बरोबर नाही. शब्द बरोबर आहेत. पण 'नको' एवढंच मी पोचवते आहे, आणि आमच्या घरात त्याला काहीच वजन नाही. या माणसाने जे म्हटलं, ते अजून कोणाला ऐकूच आलेलं नाही.

आत्या पळी घेऊन वाकली. मी हात पुढे केला आणि त्यांच्या ताटावर आडवा धरला. तिची पळी कलंडलेलीच होती. गरम आमटी माझ्या मनगटावर आणि बोटांवर पडली. चटका बसला, पण मी हात काढला नाही.

"नको म्हणजे नको, आत्या," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "त्यांच्यात एकदाच म्हणतात. आणि एकदा म्हटलं की ऐकतात."

मी या घरात मोठ्या माणसांपुढे इतकं मोठ्याने कधी बोलले नव्हते. आण्णा हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होते.

आत्याने पळी पातेल्यात ठेवली. "आगं, भाजलं का तुला?" ती म्हणाली. मग ओगावा-सानकडे वळून जरा रागानेच, "आदी सांगायचं न्हाई का, पोट भरलं म्हनून!"

तिचं हे वाक्य मी जपानीत सांगितलं नाही. न सांगणंच मला बरं वाटलं.

ओगावा-साननी हात जोडून जेवण झाल्याचा नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून, ताठ बसून, हॉटेलातल्या गिऱ्हाइकासारखं एक बोट वर करून म्हणाले, "ओकाइकेइ, ओनेगाइशिमासु."

मला हसू आवरेना.

"आता काय म्हनले?" आण्णा.

"बिल आणा म्हणतायत."

आण्णांचा चेहरा पडला. मी घाईने म्हणाले, "चेष्टा आहे, आण्णा. मी दारात त्यांना हॉटेलसारखं बोलले ना, म्हणून."

आण्णांनी जरा विचार केला. "मंग त्यांला सांग, बिल तयार न्हाई. मंडळीला घिऊन परत या, मंग एकदम दिऊ."

एवढं मला सांगता आलं, कारण पत्नी, पुन्हा, आणि जेवण हे तिन्ही शब्द येत होते. ओगावा-सान हसले. मग आण्णांकडे तोंड करून, माझ्या हाताकडे खूण करत, बरंच काही बोलले. लांबलचक.

"काय म्हनले?"

"कळलं नाही, आण्णा," मी खरं ते सांगितलं. "त्यात खायचं काही नव्हतं."

शकीलभाई म्हणाला, "दोन वर्सं ऐकतोय मी. रागावले असले तर आवाज खाली जातो. हे कवतिक हाय."

आईने ठेच्याची बरणी आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी मागे राहिले. दारातली चपलांची रांग संध्याकाळपर्यंत कोणी मोडली नाही. आण्णा रानात गेले तेही तिच्या कडेने, जपून.

त्याच संध्याकाळी

दिवेलागणीला घरातले तिघंच जेवायला बसलो. दुपारची आमटी मुरून आणखी चांगली झाली होती. हाताला आईने तूप लावलं होतं, त्यामुळे मी डाव्या हाताने ताट धरून कशीबशी जेवत होते.

आण्णा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मंग, परीक्षा झाली की यायचं ना हिकडं? जामखेडच्या सरांना मी बोलून ठिवलंय."

"बघू," असं माझ्या ओठापर्यंत आलं होतं. खिडकीजवळचं टेबल मला दिसत होतं. आण्णांनी त्याच्यावर नवीन प्लॅस्टिकचं कापडही घातलं होतं, फुलाफुलांचं.

"नको, आण्णा," मी म्हणाले. "मी नगरलाच राहते. जपानीची पुढची परीक्षा पण द्यायची आहे."

आईचा हात थांबला. आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, बाहेर काढला आणि तसाच धरून ठेवला.

"ह्ये तुझं नको," त्यांनी विचारलं, "आपल्यातलं का त्यांच्यातलं?"

मला ओगावा-सानचा घामाने डबडबलेला चेहरा आठवला.

"त्यांच्यातलं."

आण्णांनी तो तुकडा खाल्ला. मग आणखी एक. बाहेर गाय हंबरली, तेव्हा नेहमीसारखे उठलेही नाहीत. मी खाली मान घालून ताट संपवलं. इतकं घाबरून संपवलं, की चव लागली नाही.

ताट रिकामं बघून आईने पळी उचलली. "घे गं आनखी."

"नको," मी सवयीने म्हणाले.

आईची पळी सवयीने पुढे आली. तेवढ्यात आण्णांचा हात माझ्या ताटावर आडवा पडला.

"नको म्हनली न्हवं ती?" ते आईला म्हणाले. "तिच्यात एकदाच म्हनत्यात."

पळी परत पातेल्यात गेली. आण्णांनी हात काढला नाही, आईने झाकण ठेवेपर्यंत तो तिथेच होता.

खरं तर मला आमटी हवी होती. चांगल्या दोन पळ्या हव्या होत्या. पण आता मागायची कशी? मी टोपलीत उरलेली अर्धी भाकरी घेऊन कांद्याबरोबर खाल्ली आणि उठले.